जुन्या सुरांचे पुनरागमन

कलेचा प्रवास नेहमी सरळ रेषेत होतो असे नाही. पुष्कळदा ती मागे वळते, टाकून दिलेले काही उचलते आणि त्यातूनच नवी वाट काढते. आजच्या नृत्यसंगीतात 'ट्रान्स' शैलीचे आरंभीचे सूर परत आले आहेत, ते याचेच उदाहरण होय.

ट्रान्स म्हणजे तंद्री. १९९०च्या सुमारास जर्मनीतील फ्रँकफर्ट व बर्लिन या शहरांत हे संगीत आकारास आले. त्यात शब्दांना फारसे स्थान नसते. मिनिटाला साधारणतः १३० ते १४० ठोके पडतात आणि त्यांवर एक छोटी स्वरावली पुनःपुन्हा वाजते. भजन रंगत जाते तशी त्याची लय वाढते. येथे मात्र लय स्थिर राहते आणि स्वरांचे थर चढत जातात. मध्येच ठोका थांबतो, केवळ सूर तरंगत राहतात. ठोका परतला की नाचणाऱ्यांना नवे बळ येते. त्याच दशकात गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर 'गोवा ट्रान्स' ही शाखा बहरली.

गोवा ट्रान्समधील वळसे घेत चिरकणारा स्वर अनेकदा एका छोट्या यंत्रातून येई. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली 'टीबी-३०३' हे यंत्र काढले. गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा हेतू होता. पण ते चालले नाही आणि १९८४मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे शिकागोच्या तरुणांनी ही यंत्रे स्वस्तात मिळवली आणि वाजत असतानाच त्यांच्या कळी फिरवून अनपेक्षित नाद काढले.

त्यापूर्वीच, १९८२ साली, मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले होते. त्या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. २०१०मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरचे रसिक थक्क झाले. २०१५ साली सिंग यांचे निधन झाले. हयातीतच दाद मिळाली, पण ती २८ वर्षांनी.

पुनरुज्जीवनाचे महत्त्व येथे कळते. १९९०मधील 'द एज ऑफ लव्ह' ही रचना १९९२च्या रीमिक्समुळे गाजली. २०२१ साली बेल्जियमच्या शार्लोट द विट आणि इटलीच्या एन्रिको सांजुलियानो यांनी तिला पुन्हा नवे रूप दिले. रोलँडनेही २०१६मध्ये जुन्या यंत्राची लहान आवृत्ती बाजारात आणली.

अर्थात, केवळ नक्कल म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. नक्कल करणारा जुना सूर जसाच्या तसा वाजवतो. खरा कलावंत त्यात तेव्हा कोणाला न ऐकू आलेले काही शोधतो. म्हणून एखादी कृती कालबाह्य ठरवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कदाचित ती आपल्या श्रोत्याची वाट पाहत असेल.