गुप्तहेरकथेचें दुसरें वाचन

श्रोतेहो, गुप्तहेरकथा ही एकदांच वाचावयाची वस्तु आहे, असा सर्वसाधारण समज आहे. गुन्हेगार कोण हें कळलें, कीं पुस्तकांतील रस संपला. उसाचें चिपाड पुन्हा चरकांत कोण घालील? मास्तरकी करीत असतांना मीहि असेंच म्हणत असें. अलीकडे मात्र मला वाटूं लागलें आहे, कीं अशा कथेचा कस दुसऱ्या वाचनांतच लागतो. पहिल्या वेळीं लेखक वाचकाची परीक्षा घेतो; दुसऱ्या वेळीं वाचक लेखकाची घेतो.

उदाहरणादाखल एक इंग्रजी कादंबरी घेतों. बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. माझ्या नातीनें ती मला आणून दिली. नायक पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलिसांतील उमेदवार शिपाई. कॉव्हेंट गार्डनमध्यें सेंट पॉल्स चर्चसमोर एक खून होतो. थंडीच्या रात्रीं तेथें पहाऱ्यावर असतांना पीटरला एक साक्षीदार भेटतो, आणि तो साक्षीदार भूत निघतो! पुढें नाइटिंगेल नांवाचा अधिकारी त्याला मंत्रविद्येची दीक्षा देतो. मग एकीकडे खुनाचा तपास आणि दुसरीकडे टेम्स नदीच्या दोन दैवतांमधील हद्दीचा तंटा, अशी दुहेरी कथा चालते.

आतां प्रश्न असा, कीं जेथें भुतें साक्ष देतात, तेथें तर्काला जागा कोठें उरते? रोनाल्ड नॉक्स यांनीं १९२९ सालीं गुप्तहेरकथेचे दहा नियम घालून दिले. अमानुष शक्तींना कथेंत थारा देऊं नये, हा त्यांतील दुसरा नियम. त्याचें कारण उघड आहे. खुनी जर भिंतींतून आरपार जाऊं शकला, तर कुलूपबंद खोलीला अर्थ काय राहिला? वाचकानें विचार तरी कशाच्या आधारावर करावा?

आरोनोविच यांनीं हा नियम मोडला आहे. परंतु त्याची भरपाईहि केली आहे. त्यांच्या कथेंतील मंत्रविद्येला शास्त्र आहे, आणि तें न्यूटननें बांधून दिलें, अशी गमतीची कल्पना आहे. मंत्र वापरला कीं त्याचा ठसा आसपासच्या वस्तूंवर राहतो. दगड तो ठसा पुष्कळ काळ धरून ठेवतो. मंत्राच्या जोरानें जवळचीं सूक्ष्म विद्युत्‌-यंत्रें निकामी होतात. म्हणजे चमत्कारालाहि मागमूस असतो, आणि जेथें मागमूस आहे तेथें तपास संभवतो.

खुनांचा क्रमहि असाच उघड्यावर ठेवलेला आहे. तो क्रम पंच आणि ज्यूडी या बाहुल्यांच्या जुन्या खेळाचा आहे. सॅम्युएल पीप्स यांनीं ९ मे १६६२ रोजीं कॉव्हेंट गार्डनमध्येंच इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचें आपल्या रोजनिशींत नमूद केलें; पंचाची इंग्लंडांतील पहिली नोंद ती हीच मानतात. पिचीनी नांवाच्या खेळियाचा पाठ १८२८ सालीं क्रुइकशँकच्या चित्रांसह छापला गेला. त्यांत पंच मूल फेंकून देतो, बायकोला मारतो, आणि पुढें फांशी देणाऱ्यालाच फासांत अडकवितो. हा आराखडा ठाऊक असलेल्या वाचकाला पुढचें संकट आधींच दिसूं शकतें. लेखकाची ही सचोटी मला आवडली.

दोषहि दिसतात. नद्यांचा तंटा पीटर ओलिसांची अदलाबदल करून मिटवितो. प्रसंग चतुर आहे खरा. परंतु त्या तंट्यावांचून खुनाचा उलगडा फारसा अडला नसता. दोन गोष्टी शेजारीं राहतात, एका घरांत नांदत नाहींत. शेवटीं पीटर भूतकाळांत शिरून रोमन काळच्या पुलापर्यंत पंचाचा पाठलाग करतो. त्या प्रवासाचे नियम मात्र वाचकाच्या हातीं पुरेसे दिलेले नाहींत. येथें शास्त्र संपतें आणि लेखकाची मर्जी सुरू होते.

यापुढें रहस्य फोडणें भाग आहे. ज्यांना ही कादंबरी वाचावयाची असेल, त्यांनीं क्षमा करावी. पीटरची सहकारी लेस्ली मे ही त्याच्याहून अधिक हुशार, आणि त्याला प्रिय. तुझें लक्ष भलतीकडे जातें, असें ती त्याला वारंवार सांगते. सूड घेऊं पाहणारें पिशाच्च तिच्याच शरीरांत ठाण मांडून बसलेलें असतें, आणि शेवटीं तिचा चेहरा उद्ध्वस्त होतो. पहिल्या वाचनांत मला हा अन्याय्य धक्का वाटला होता. खुणा फार थोड्या, असें मीं म्हटलें. दुसऱ्या वेळीं ध्यानांत आलें, कीं सगळी हकीकत पीटरच्या तोंडची आहे. त्याला इमारतींचे दगड दिसतात, मंत्रांचे ठसे दिसतात. शेजारीं उभी असलेली मैत्रीण दिसत नाहीं. त्याचा दोष लेखकानें आरंभींच तिच्या तोंडून सांगून ठेवला होता. आपण तो विनोद समजून पुढें गेलों.

हें वाचतांना मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. भूगोलाच्या पुस्तकाआड तो गुप्तहेरकथा वाचीत होता. मीं ती हिसकावून घेतली आणि वर्गासमोर त्याला उपदेश केला. थोड्याच आठवड्यांत त्याची शाळा सुटली. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि हा रात्रीं उशिरापर्यंत दुकानावर बसत असे, हें मला मागाहून कळलें. त्याच्या हातांतलें पुस्तक मला शेवटच्या बाकावरूनहि दिसलें होतें. त्याचे तारवटलेले डोळे दिसले नव्हते. तें पुस्तक अद्याप माझ्या कपाटांत आहे.

म्हणून श्रोतेहो, गुप्तहेरकथा एकदां करमणुकीसाठीं अवश्य वाचावी. मग पुन्हा वाचावी, आणि प्रत्येक पानावर थांबून पाहावें, कीं आपल्या डोळ्यांसमोर असूनहि काय सुटलें. लेखकानें लबाडी केली असेल, तर ती तेथें सांपडेल. आणि ती न सांपडली, तर आपली नजर कोठें चुकली तें सांपडेल.