सौर भट्टींतील कोरडें लांकूड

कांचेच्या छपराच्या, उन्हावर तापणाऱ्या सौर भट्टींत एका खेपेचें लांकूड वाळलें, तर पुढील खेप येईपर्यंत तें आंतच असूं द्यावें काय, असें कित्येक बागाईतदार आम्हांस विचारतात. भट्टी अन्यथा रिकामी असल्यास खुशाल असूं द्यावें. पावसाळ्यांत घरच्या दमट पडवीपेक्षां ती जागा बरी. मात्र झरोके लावून घ्यावे आणि फळ्यांमधील पट्ट्या काढून थप्पी घट्ट रचावी.

परंतु ओलें लांकूड आंत येण्यापूर्वीं कोरडें बाहेर निघालेंच पाहिजे. आम्हीं येथें आळस केला. फणसाच्या वाळलेल्या फळ्यांशेजारीं ऐनाचें ओलें लांकूड रचलें. त्याची वाफ कोंडली, ती फणसानें शोषिली. कारकुनी संवय जुनी. नमुन्याची एक फळी तोलून वजन टिपून ठेविलें होतें. २,२०० ग्रॅमची फळी पंधरवड्यांत २,३०० भरली. तिचें निर्जल वजन २,००० ग्रॅम. अर्थात् ओलावा शेंकडा १० वरून १५ वर गेला. तें पाहूनही, घरीं लग्न ठरलेलें म्हणून, त्याच फळ्यांचीं दारें करविलीं. वैशाखांत तीं आकसलीं. दिंड्यांतून दिवाणखाना दिसूं लागला. सुताराची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली.

आतां कोरडें लांकूड आम्ही माजघराच्या माळ्यावर, भिंतीपासून हातभर दूर, झांकून ठेवितों.