ज्या कोर्टाला न्यायाधीशानेच कुलूप लावलं

जुनं हायकोर्ट म्हटलं की आपण ओव्हल मैदानासमोरची दगडी इमारत दाखवतो. पण हायकोर्ट तिथे गेलं १८७९ च्या जानेवारीत. त्याआधी ते भरत होतं लायन गेटसमोरच्या एका घरात. गव्हर्नर हॉर्नबीचं हे घर पुढे आरमाराच्या प्रमुखाकडे गेलं, म्हणून त्याला ॲडमिरल्टी हाऊस म्हणत. आधी रेकॉर्डरचं कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट, १८६२ पासून हायकोर्ट, असं सगळं इथेच. रेकॉर्डर जेम्स मॅकिंटॉश तर पुढे नीतिशास्त्राचा इतिहास लिहिणारा माणूस. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो जवळचा वाटणारच!

पण आज बोलायचंय ते मोरो रघुनाथविषयी. १८२८ साली, पुण्यात पांडुरंग रामचंद्र या नात्यातल्या आजोबांनी या चौदा वर्षांच्या मुलाला अडकवून ठेवलंय, असा अर्ज इथे आला. कोर्टाने हुकूम काढला: मुलाला आमच्यापुढे हजर करा. गव्हर्नर जॉन माल्कम म्हणाले, सरकार हा हुकूम बजावू देणार नाही.

अडचण खरी होती. हे राजाचं कोर्ट. त्याची हद्द मुंबई शहर, आणि बाहेर फार तर ब्रिटिश प्रजाजन. पुणं कंपनीच्या अदालतीकडे. आपलं भाईंदरसुद्धा साष्टीत, म्हणजे हद्दीबाहेरच. आपल्या माणसाला ठाणं गाठावं लागे. (मीरा रोडला स्वतःचं कोर्ट आलं ते २०२५ मध्ये!) माल्कमना भीती होती, सरदारांच्या घरात असे हुकूम शिरू लागले तर नुकतंच जिंकलेलं पुणं बिथरेल.

तोवर दोन न्यायाधीश वारले. उरले एकटे पीटर ग्रँट. हुकूम पाळला जाणार नसेल तर कोर्ट कशाला, म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी चक्क कोर्टच बंद केलं.

लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी ग्रँट यांच्या विरुद्ध निर्णय दिला. आम्हाला वाटतं, कायद्याच्या अक्षराने तो बरोबरच होता. पण त्या सगळ्या वादात हद्द कुणाची एवढंच ठरलं. मुलगा कुठे राहू इच्छितो, हे त्या घरात मोरोला कुणी विचारू शकलं नाही. त्याच्यासाठी निघालेला हुकूम कागदावरच राहिला.

राजाचं कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत १८६२ मध्ये हायकोर्टात एकत्र आली. कोर्ट हलल्यावर त्या घरात १८८३ मध्ये ग्रेट वेस्टर्न हॉटेल निघालं. इमारतीला आजही तेच नाव आहे.