मामा तलावातला न मोजलेला मासा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलण्यात आणि सरकारी कागदांतही ते ‘मामा तलाव’च. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानाच्या बांध्यांसाठी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव त्यांतला सर्वांत नावाजलेला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधाऱ्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे आले, तर मासेमारी ठेक्याने धीवरांच्या सहकारी संस्थांकडे गेली. पाणी एकाच्या हाती आणि मासा दुसऱ्याच्या, ही इथली मूळ अडचण आहे. ती आजही सुटलेली नाही.

रोहू, कटला आणि मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वितात क्वचितच. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि देशभर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. त्या शोधाचं मोल मोठं आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्यामुळे तलावाचा हिशेब बदलला. किती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि किती किलो मासळी विकली, या दोन आकड्यांत तलाव बसवला गेला. दरसाल बीज विकत घ्यायचं, त्यासाठी पैसा उभा करायचा, आणि पाऊस कमी झाला की तो बुडायचा.

मरळ, मागूर, शिंगी, वाम, झिंगे आणि डझनावारी लहान मासे यांचं बीज कुणी विकत आणत नाही. ते तलावातच वितात. मरळीची जोडी पाणवनस्पतींत थोडी जागा मोकळी करते आणि तिथे अंडी तरंगत ठेवते. पिल्लं बाहेर आली की तांबूस ठिपक्यांचा घोळका हवा घ्यायला एकदम वर येतो आणि तेवढ्या जागेत पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसतं. खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्याखाली जाळं टाकलं की मोठी जोडी सहज सापडते, आणि राखण गेलेली पिल्लं इतर मासे फस्त करतात. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत मात्र मरळ बोटुकलीची शत्रू ठरते, म्हणून बीज सोडण्याआधी तिला काढून टाकायची शिकवण दिली जाते.

अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार गोड्या पाण्यातल्या मासेमारीत भारत जगात पहिला आहे. २०२२ ची पकड सुमारे १९ लाख टन होती. पण हा आकडा कशाचा? २०१८ साली ४२ देशांतल्या घरगुती आहाराच्या पाहण्या तपासून संशोधकांनी दाखवलं, की त्या देशांतली प्रत्यक्ष पकड सरकारी नोंदींपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त असावी. बाजारात न येता थेट चुलीवर जाणारा मासा कुणी मोजत नाही. काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे म्हणजे गरिबाघरचं कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं. ते कमी झाले, तरी कुठल्याच तक्त्यात घट दिसत नाही.

तलावातले स्थानिक मासे का घटले, हे धीवरांना ठाऊक आहे. काठाकाठाने बेशरम नावाची झुडपं पसरली, गाळ साचला, आणि गवत्या मासा सोडल्यावर पाणवनस्पती संपल्या. वनस्पती गेल्या की अंडी घालायला जागा उरत नाही. अर्जुनी मोरगाव परिसरात धीवरांच्या संस्थांनी आणि बायकांच्या गटांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. आधी माशाचं घर आणि मग मासा, हा क्रम मला शास्त्रीयदृष्ट्या पटतो.

पण केलेल्या कामाचा गुण आला की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी पुरे. दर पंधरवड्याला त्याच आसाचं जाळं, त्याच जागी, तेवढेच तास लावायचं. जात, संख्या, वजन आणि लांबी लिहायची. तेवढ्याच श्रमात पकड घटत असेल, किंवा बहुतेक मासे एकदाही न व्यालेल्या मापाचे असतील, तर उपसा जास्त होतोय हे उघड आहे. मग बारीक आसाची जाळी बंद करायची, आणि पहिल्या पावसात सांडव्यातून चढणारे गाभोळीचे मासे सोडून द्यायचे. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. गावाने लक्ष ठेवलं तरच ती तलावापर्यंत पोहोचते.

एक गोष्ट मात्र वहीने सुटणार नाही. आश्विनात धानाला पाणी हवं असतं आणि पाट उघडतो. तळाशी किती पाणी ठेवायचं, हे ठरवताना धीवराला कुणी विचारत नाही. शेतकऱ्याचा निस्तार हक्क, म्हणजे तलावाचं पाणी वापरायचा परंपरागत हक्क, खरा आहे, तो डावलावा असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात मरळ जगेल इतकं पाणी राखणं ही ठेक्यातली लेखी अट व्हायला हवी, आणि पाणीवाटपाच्या बैठकीत मच्छीमार संस्थेची खुर्ची असायला हवी. मत्स्य विभागाने पुढच्या हंगामापासून प्रत्येक संस्थेच्या नोंदवहीत स्थानिक माशांचा जातवार रकाना घालावा आणि घरी नेलेली मासळीही त्यात लिहून घ्यावी. त्याला नवा कायदा लागत नाही.