आजीपेक्षा मोठा मासा

दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी ऑकलंडला होते. टीम डिनरच्या मेन्यूवर ‘ऑरेंज रफी’ दिसला. मी मासेखाऊ, लगेच ऑर्डर देणार, तेवढ्यात शेजारचा नागपूरचा कलीग म्हणाला, ‘‘हा तुझ्या आजीपेक्षा मोठा असू शकतो, माहितीये?’’

मला वाटलं, फेकतोय. पण खरंच की! हजारेक मीटर खोल, अंधारात आणि गारठ्यात हा मासा अगदी सावकाश वाढतो. वयात यायलाच २५-३० वर्षं! जगतो मात्र दोनशेच्याही पुढे. कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजली की वय कळतं, झाडाच्या खोडासारखं.

अंडी घालायला हे मासे समुद्रातल्या डोंगरांभोवती झुंडीने जमतात आणि जाळी नेमकी तिथेच पडतात. १९८०च्या दशकात इतकं वय कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. वारेमाप मासेमारी झाली, झुंडी आटल्या. २००६मध्ये ऑस्ट्रेलियाला त्याचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली नोंदवावं लागलं.

‘सेटल कधी होणार?’ विचारलं की तिशीत आपण वैतागतो. हा बिचारा तिशीपर्यंत थांबून मांडवात पोचतो आणि तिथेच पकडला जातो. मी गुपचूप पास्ता मागवला.