झिंगाट दोनदा, १९८९ तीनदा: कव्हर गाण्यांवरून आपण भांडतो ते नेमकं कशावरून?

हा भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी, आणि बसमध्ये शेजारच्याच्या मोबाईलवर वेगळंच काही वाजत असतं म्हणून ऐकू न शकणाऱ्यांसाठी, आज बोललेलं सगळं इथे लिहून ठेवतोय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

विषय जुना आहे, पण आमच्या जालन्यात लग्नसराई आली की दरवर्षी नवा होतो. डीजेवाल्याने 'झिंगाट' लावलं आणि ते 'धडक'मधलं हिंदी निघालं, की वरातीत दोन गट पडतात. एक गट म्हणतो, चाल तीच, ढोल तोच, नाचा की गप. दुसरा गट थेट गाडीपाशी जाऊन गाणं बदलायला लावतो. मी कायम दुसऱ्या गटात असतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे निःपक्षपाती असल्याचं नाटक करायला नको. पण हे भांडण नेमकं कशावरून आहे हे मला बरेच दिवस नीट मांडता येत नव्हतं. ते सापडलं एका अमेरिकन भांडणात.

टेलर स्विफ्टचा '१९८९' हा अल्बम २७ ऑक्टोबर २०१४ ला आला. चकचकीत पॉप, सिंथेसायझर, मोठमोठे ड्रम. वर्षाच्या आत, २१ सप्टेंबर २०१५ ला, रायन अॅडम्स नावाच्या रॉक गायकाने तो अख्खा अल्बम, तेराच्या तेरा गाणी, त्याच क्रमाने, आपल्या आवाजात आणि गिटारवर गाऊन प्रसिद्ध केला. एखादं आवडतं गाणं नाही, पूर्ण अल्बम! स्विफ्टने स्वतः आनंद व्यक्त केला. गंमत म्हणजे बिलबोर्डच्या अल्बम यादीत अॅडम्सचा '१९८९' आला सातव्या नंबरवर आणि त्याच आठवड्यात स्विफ्टचा मूळ '१९८९' होता आठव्यावर. कॉपी पुढे, ओरिजिनल मागे.

मग जुंपली. एका बाजूचे म्हणाले, बघा, आता कळलं ही गाणी किती खोल आहेत. दुसरी बाजू म्हणाली, म्हणजे पोरीने गायलं तेव्हा ते टीनएज पोरींचं टाइमपास होतं, आणि दाढीवाल्या माणसाने गिटार घेऊन गायलं की लगेच साहित्य? या दुसऱ्या बाजूकडे एक भक्कम पुरावा होता. पिचफोर्क ही तिकडची नावाजलेली संगीत-समीक्षेची साइट. तिने अॅडम्सच्या '१९८९'चं परीक्षण तेव्हाच छापलं, आणि स्विफ्टच्या मूळ अल्बमचं छापलं ते थेट २०१९ मध्ये. अॅडम्सला गुण काही फार दिले नव्हते, पण परीक्षण करण्याच्या लायकीचा तरी समजला होता.

हे वाचताना मला आपल्याकडचे 'अनप्लग्ड' आठवले. 'याड लागलं' कुणी खोलीत बसून, एक गिटार घेऊन, डोळे मिटून गातं. खाली लोक लिहितात, 'आता कळला गाण्याचा अर्थ.' अरे, २०१६ पासून काय ऐकत होतास? एका गिटारवर ते उभं राहतं कारण चालच मुळात पक्की आहे. अॅडम्सच्या बाबतीतही माझं हेच मत आहे: त्याने गाण्यांना खोली दिली नाही, ती आधीच होती. त्याने फक्त वरचा लाइटिंगचा मांडव काढला.

आता 'झिंगाट'कडे या. 'सैराट' आला २९ एप्रिल २०१६ ला. करमाळ्याच्या मुलखातली गोष्ट आणि तिथलीच भाषा, पण संगीतासाठी अजय-अतुल गेले लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करायला. पुढच्याच वर्षी कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, नायिका रिंकू राजगुरूच, चालीही त्याच. आणि २० जुलै २०१८ ला 'धडक'. गोष्ट करमाळ्याहून उदयपूरला गेली, संगीतकार तेच राहिले, शब्द अमिताभ भट्टाचार्यचे. 'झिंगाट' पुन्हा अजय-अतुलनेच गायलं. 'याड लागलं'ची चाल घेऊन 'पहली बार' झालं, तेही अजयच्याच आवाजात.

म्हणजे बघा काय झालं. अॅडम्सने शब्द जवळपास सगळे ठेवले, आणि आवाज, वाद्यं, वेग, सगळं बदललं. 'धडक'ने आवाज, चाल आणि ठेका ठेवला, आणि फक्त शब्द बदलले. एक प्रयोग दुसऱ्याच्या बरोबर उलटा. म्हणून तिकडचं भांडण 'कोण गातंय' यावर झालं आणि आपलं झालं 'कुठल्या भाषेत, कुठल्या मातीत' यावर. वरातीत जो म्हणतो 'चाल तीच आहे ना', तो खोटं बोलत नाही. चाल तीच आहे. पण म्हणूनच तर उरलेला फरक एवढा टोचतो. आवाज वेगळा असता तर आपण त्याला वेगळं गाणं समजून सोडून दिलं असतं. इथे ओळखीचा माणूस समोर उभा आहे आणि परक्या भाषेत बोलतोय.

'याड' हा शब्द घ्या. पुस्तकात तो 'वेड' आहे. आमच्याकडे आजी 'याड लागलं का रं तुला' असं रागात म्हणते, मायेत म्हणते, आणि खरंच काळजी वाटली तरी म्हणते. 'सैराट'च्या आधी हा शब्द प्रेमाच्या गाण्याच्या शीर्षकात असा चढून बसलेला मी तरी पाहिला नव्हता. शाळेत असं बोललं की 'शुद्ध बोल' म्हणून टपली बसायची. जालना-परभणीकडचं पोर पुण्याला शिकायला गेलं की पहिल्या महिन्यात जे शब्द गिळायला शिकतं, त्यातलाच हा एक. तो शब्द राज्यभर लाऊडस्पीकरवर वाजला. 'पहली बार' हे शीर्षक वाईट नाही. पण त्यात 'याड' नाही, त्यामुळे ती आजीही नाही. आमचा सगळा राग एवढ्यातच आहे. भट्टाचार्य चांगला गीतकार आहे. त्याला उदयपूरच्या पोराला शोभतील असे शब्द लिहायचे होते, ते त्याने लिहिले.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडली. पुरुषाने बाईचं गाणं गायलं की काय होतं? इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' एकच. त्यामुळे अॅडम्सला फार काही बदलावं लागलं नाही. एका गाण्यात जेम्स डीनचा उल्लेख काढून त्याने आपल्या आवडत्या सॉनिक यूथ या बँडचा घातला, तोही आवडीपोटी, व्याकरणापोटी नाही. मराठीत सुटका नाही. क्रियापद लगेच सांगतं कोण बोलतंय. मुलीचं गाणं मुलाने गायचं तर एक तर 'ले'चं 'लो' करा, मग यमक मोडतं, नाहीतर तसंच गा आणि मित्रांचं हसू झेला.

पण थांबा, आपण खरंच हसतो का? गावोगावच्या भजनी मंडळात मिशीवाले आजोबा गवळण गातात तेव्हा कोण हसतं? ज्ञानेश्वरांच्या विरहिणी बाईच्या तोंडच्या आहेत, लिहिणारा पुरुष, गाणारे बहुतेक पुरुष. बालगंधर्वांनी तर स्त्रीभूमिकांवर अख्खं नाट्यसंगीत उभं केलं, आणि ती पदं पुढे कितीतरी गायकांनी मैफलीत, धोतर-झब्ब्यात बसून, स्त्रीलिंगी क्रियापदांसकट गायली. कुणी 'लो' केलं नाही. म्हणजे तिकडे २०१५ मध्ये जो प्रश्न नवा वाटला तो आपल्याकडे शेकडो वर्षं देवळात बसलेला आहे. फरक एवढाच की गवळण गाणारा आजोबा 'आता मी या गाण्याला खोली देतो' असं म्हणत नाही. आणि 'सैराट'ची शीर्षकं बघा: 'याड लागलं', 'सैराट झालं जी', 'आताच बया का बावरलं'. शीर्षकापुरतं तरी सगळं नपुंसकलिंगी! मुलगा म्हणो की मुलगी, मोडत काहीच नाही. हे ठरवून केलं की तशी बोलीच आहे, ते जाऊ द्या. गॅदरिंगला दोघांचीही सोय झाली.

आता पैशाचं, कारण तुमच्यातले बरेच जण स्वतः गाऊन टाकता आणि मग 'कॉपीराइट क्लेम आला' म्हणून मेसेज करता.

गाणं म्हणजे कायद्याच्या नजरेत एक वस्तू नाही, तीन आहेत: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कव्हर करताना तुम्ही तिसरी वस्तू नवी बनवता, पहिल्या दोन दुसऱ्याच्याच राहतात. कॅसेटच्या जमान्यात याच फटीतून टी-सीरिज मोठी झाली. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवाल, किशोरची कुमार सानू, रफीची सोनू निगम, आणि कॅसेट स्वस्त. तिथे कल्पना अॅडम्सच्या उलट होती: शक्य तितकं मूळासारखंच वाजवायचं, फक्त गायक आणि किंमत बदलायची. यावरून कंपन्या कोर्टातही गेल्या. 'हम आपके हैं कौन'च्या नावाचा आणि वेष्टनाचा वाद १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गाजला.

२०१२ मध्ये कायदा बदलला आणि कलम ३१-सी आलं. त्यानुसार, गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं. आधी ही मुदत दोनच वर्षांची होती. मग मालकाला आधी कळवायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींची. वेष्टनावर 'कव्हर' असं लिहायचं, मूळ गायकाचं किंवा सिनेमाचं नाव टाकायचं नाही. गाण्यात मनाने बदलही करायचा नाही. म्हणजे २०१६ चं गाणं या वाटेने २०२२ पासून गाता येतं. अॅडम्सचा अल्बम वर्षाच्या आत आला, वर त्याने शब्दही बदलला. आपल्याकडे या कलमाखाली दोन्ही बसलं नसतं, सरळ परवानगीच काढावी लागली असती. आणि हे कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे. तुमच्या गच्चीवरच्या व्हिडिओबद्दल ते काही म्हणत नाही.

यूट्यूबचा हिशोब वेगळा. तिथलं मशीन मूळ रेकॉर्डिंग तर ओळखतंच, बरेचदा तुम्ही गायलेली चालही ओळखतं. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. घाबरून डिलीट करण्याआधी क्लेममध्ये काय लिहिलंय ते वाचत जा. कराओके ट्रॅक कुठून तरी उचलला असेल तर मात्र तो ट्रॅक हेही कुणाचं तरी ध्वनिमुद्रणच आहे.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. समर्थ रामदासांचा जन्म घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, १६०८ चा. त्यांची म्हणून ओळखली जाणारी 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती कुणीही गावी, शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण मंडळाच्या व्हिडिओला तुम्ही लताबाईंच्या आवाजातली आरती लावली की क्लेम येणार, कारण ते ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे. स्वतः टाळ घेऊन पारंपरिक चालीत म्हणा, काही होत नाही. क्लेम आलाच तर त्यावर हरकत घ्या.

याच २०१२ च्या बदलात आणखी एक गोष्ट झाली, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले: सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. म्हणून वरातीतलं माझं भांडण जिंकलं की हरलं, याने अजय-अतुलला फारसा फरक पडू नये. 'झिंगाट' दोन्हीकडे त्यांचंच आहे. फरक पडतो तो शब्द कोणाचे, यात. मराठी 'झिंगाट'च्या शब्दांत नागराज मंजुळे आणि अजय-अतुल आहेत, हिंदीत भट्टाचार्य.

स्विफ्टची गोष्ट पुढे याच वळणावर आली. २०१९ मध्ये तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी तिच्या मनाविरुद्ध विकली गेली, तेव्हा तिने ते अल्बम स्वतःच पुन्हा गायला घेतले. '१९८९'ची तिची नवी आवृत्ती २७ ऑक्टोबर २०२३ ला आली, पहिल्याच्या बरोबर नऊ वर्षांनी, जवळपास हुबेहूब. शब्द तेच, आवाज तोच, चाल तीच. बदलला फक्त मालक.

आता तुम्हाला काम. 'याड लागलं' ऐका, मग लगेच 'पहली बार'. नंतर 'ब्लँक स्पेस' आधी स्विफ्टचं, मग अॅडम्सचं. चारही एकाच हेडफोनवर ऐका. एक फोनच्या स्पीकरवर आणि दुसरं कारमध्ये ऐकून माझ्याशी भांडायला येऊ नका. कुठल्या जोडीत जास्त हरवलं ते आवाजी मेसेजमध्ये सांगा, पुढच्या भागात वाजवतो. गाऊन पाठवू नका, क्लेम येईल.