परदेशातील मिशन आणि सोबतची लहान मुले

धर्मसंस्थेने किंवा सेवासंस्थेने शिक्षण, रुग्णसेवा अथवा धर्मकार्य यांसाठी आपल्या माणसांना परमुलखात पाठवावे, या कार्याला मिशन म्हणतात. पूर्वी असे कार्यकर्ते आयुष्यभरासाठी जात असत, तर आता काही आठवडे, काही महिने किंवा फार तर एकदोन वर्षे जाऊन परतण्याची, म्हणजे अल्पमुदतीच्या मिशनची पद्धत रूढ झाली आहे. अशा प्रवासात नवरा-बायकोसोबत लहान मुले असतील, तर कार्याची आखणी पुष्कळ होते आणि मुलांची व्यवस्था मात्र 'तिथे गेल्यावर बघू' या भरवशावर राहते. महाराष्ट्राच्या मिशन-इतिहासाकडे पाहिले असता ही प्राधान्याची उतरंड चुकीची ठरते, कारण परक्या देशात कुटुंब टिकते की नाही याचा निकाल बहुधा घरातील सर्वांत धाकट्या माणसावरच लागतो.

या भूमीवर आलेल्या परदेशी कुटुंबांनी त्याची किंमत फार मोठी मोजली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांची पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा त्यांतील एक मूल समुद्रप्रवासातच दगावले आणि पुढच्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने स्वतः हॉलही गेले. नागपूर परिसरात १८४५ मध्ये पत्नीसह दाखल झालेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांच्या परिचयाचे आहे, तेही १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीच्या पुरात बुडून मरण पावले. पुढे मिशनरी कुटुंबांनी उन्हाळ्यासाठी थंड हवेची ठिकाणे शोधली आणि १९०१ मध्ये दक्षिणेत कोडाईकनाल येथे त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. हवा, आजार आणि शिक्षण या तिन्ही अडचणी मुळात मुलांच्या होत्या, हे त्या उपायांवरूनच कळते.

उलट दिशेने गेलेल्या मराठी आईचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची होती; पुढच्या वर्षी 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन रमाबाई दोन वर्षांच्या मुलीसह वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या. पुण्यातही शाखा असलेल्या सेंट मेरी द व्हर्जिन या ॲंग्लिकन भगिनीसंघाच्या वॉन्टेज येथील मठात त्या उतरल्या आणि तिथेच मायलेकींनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार, घेतला. कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत मागे पडला, रमाबाई चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि मनोरमेचा बराचसा सांभाळ मठाकडे आला.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार आज छापील रूपात उपलब्ध आहे, आणि परदेशात मूल वाढवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो वाचावा इतका तो मोलाचा आहे. मांसमच्छी तर सोडाच, अंडे घातलेले पक्वान्नही न खाण्याचा रमाबाईंचा नेम भगिनींना जुन्या जातिसंस्काराचा अवशेष वाटत असे, तर रमाबाईंना तो आपल्या विवेकाचा प्रश्न वाटत असे. मनोरमेला धर्माचे कोणते शिक्षण द्यावे आणि ते कोणी ठरवावे, यावरही दोघींत तीव्र मतभेद झाले. भगिनींची माया खरी होती, त्यांनी मुलीचे दुखणेखुपणे केले, हे मान्य करूनही या वादात रमाबाईंची बाजू भक्कम वाटते. यजमान संस्था निवारा देते म्हणून मुलाच्या जडणघडणीचा अधिकार तिच्याकडे जात नाही, हे त्यांनी आश्रित अवस्थेतही ठामपणे मांडले. आजच्या कुटुंबानेही जेवण, उपासना, शिस्त आणि शाळा यांबाबतचे निर्णय कोणाचे, हे निघण्यापूर्वीच संस्थेशी स्पष्ट बोलून घेतले पाहिजे, कारण तिथे पोहोचल्यावर उपकाराच्या ओझ्याखाली हे बोलणे कठीण होते.

मुदतीचा प्रश्नही याच चरित्रातून समजतो. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी, म्हणजे मार्च १८८६ मधल्या कार्यक्रमासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, तो मुक्काम जवळजवळ तीन वर्षे लांबला आणि मनोरमेला मध्येच पुन्हा वॉन्टेजला पाठवावे लागले. कार्याची मुदत वाढते, पण बालपणाची वाढत नाही. म्हणून मुक्काम लांबल्यास मूल कोणाजवळ राहील, हा प्रश्न छोट्या दौऱ्यातही विचारावाच लागतो.

या अनुभवाला समाजशास्त्रीय नाव देण्याचे काम भारतातच सुरू झाले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम आणि त्यांचे पती जॉन १९५०च्या दशकात दोनदा आपल्या मुलांसह संशोधनासाठी भारतात राहिले. दुसऱ्या खेपेस येथील अमेरिकी मिशनरी, अधिकारी आणि तंत्रज्ञ यांच्या जीवनाचा अभ्यास करताना 'तिसरी संस्कृती' ही संकल्पना पुढे आली. आईवडिलांची मायदेशी संस्कृती पहिली, यजमान देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्यांनी घडवलेली जगण्याची रीत ती तिसरी, असा तिचा अर्थ आहे. दोनचार महिन्यांत मूल या तिसऱ्या संस्कृतीचे होत नाही. मात्र आपले घर नेमके कोणते, हा प्रश्न त्याच्या मनात तेवढ्यातही उमटू शकतो, आणि त्याचे उत्तर त्याला घरातल्या भाषेत व घरातल्या नित्यक्रमात मिळते.

नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पुढे असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावातून एखादे कुटुंब निघाले, तर त्याला करावयाची तयारी यावरून ठरवता येते. भारतात तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पारपत्र, म्हणजे पासपोर्ट लागतो. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील ज्या देशांत पीतज्वर, म्हणजे डासांमुळे पसरणारा यलो फीव्हर आढळतो, तिथे जाण्यासाठी लस घ्यावी लागते; तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि नऊ महिन्यांखालील बाळांना ही लस सामान्यतः देत नाहीत, म्हणून तान्हे मूल असेल तर देशाची निवडच पुन्हा तपासावी. वेळेच्या फरकामुळे बिघडलेली झोप रुळावर यायला दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस धरतात. तेव्हा चारपाच तासांचा फरक असल्यास पहिल्या आठवड्यात दोन्ही पालकांनी एकाच वेळी कामाला जुंपून घेऊ नये, एकाने तरी घरी थांबावे आणि त्या घरी थांबण्याला कामचुकारपणा समजू नये. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची आणि घरचा मसाला सोबत असेल तर ओळखीच्या चवीमुळे मूल लवकर रुळते, पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत प्रत्येक खाद्यवस्तू प्रवेशद्वारी जाहीर करावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे घडावे, मात्र सुरुवातीच्या दिवसांत ते झोपेच्या वेळी नसावे, कारण त्यावेळी आठवण अधिक दाटते.

परतीचा काळही नियोजनातच धरला पाहिजे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, त्यामुळे त्याआधी दोनतीन आठवडे घरी पोहोचल्यास मुलाला झोप, जेवण आणि सवंगडी पुन्हा जुळवायला अवधी मिळतो. सत्राच्या मधोमध परतणे अटळ असेल, तर शाळा सोडताना वर्गशिक्षकांकडून अभ्यासक्रम लिहून घ्यावा आणि परदेशात रोज थोडा वेळ मराठी वाचन चालू ठेवावे.